मुक्तस्रोत ऑनलाईन दुकानाची उभारणी : गडहिंग्लज परिसराच्या संदर्भात एक परिचय

सारांश

महाजालावर वस्तू विकण्यासाठी लागणारी दुकान-प्रणाली आज मुक्तस्रोत स्वरूपात, परवाना शुल्काशिवाय उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात या प्रणालींची वाटचाल थोडक्यात सांगून, त्यांपैकी वूकॉमर्स या प्रणालीच्या आधारे दुकान कसे उभारावे याचे टप्पे स्पष्ट केले आहेत. विवेचनासाठी गडहिंग्लज या सीमावर्ती तालुक्याच्या ठिकाणची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवली आहे. वाहतूक अंतरावर ठरते, कर राज्यावर ठरतो आणि दुकानाची मालकी नोंदींवर ठरते, या तीन सूत्रांभोवती लेखाची मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : ई-वाणिज्य, मुक्तस्रोत, वूकॉमर्स, वस्तू व सेवा कर, पिनकोड, ग्रामीण उद्योग

१. प्रस्तावना

हिरण्यकेशी नदीच्या काठी वसलेले गडहिंग्लज हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महत्त्वाचे व्यापारी गाव आहे. मिरची, गूळ, भुईमूग, शेजारच्या आजरा व चंदगड तालुक्यांतील काजू व तांदूळ अशा मालाची देवघेव या परिसरात वर्षानुवर्षे होत आली आहे. यातील काही मालाला कायद्याने स्वतंत्र ओळखही मिळाली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये, आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. चपलेचे मानांकन महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांसाठी संयुक्त आहे.

मानांकन मिळाले म्हणजे बाजारपेठ मिळाली असे मात्र होत नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखे पादत्राण दिसले आणि सुरुवातीला त्याच्या उगमाचा उल्लेखच नव्हता. टीका झाल्यानंतर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. या प्रसंगाने एक गोष्ट ठळक केली. वस्तू कोणाची हे जगाला सांगण्याचे साधन ज्याच्या हाती असते, वस्तूचे नावही त्याच्याच हाती जाते. तालुक्यातील उत्पादकाचा माल दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या पेटीतून आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून विकला जात असेल, तर त्याच्याकडे भाव मिळतो तेवढाच उरतो. ग्राहक त्याचा होत नाही.

वाणिज्य व संगणकशास्त्र या दोन्ही शाखांत ई-वाणिज्य हा विषय शिकवला जातो. त्याच्या व्याख्या, प्रकार व फायदे-तोटे विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु प्रत्यक्ष दुकान उभारण्याचा अनुभव फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. मुक्तस्रोत प्रणालींमुळे ही उणीव महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच भरून काढता येते. प्राध्यापकांना या प्रक्रियेची क्रमवार ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मुक्तस्रोत संकल्पना व दुकान-प्रणालींची वाटचाल

सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांना पाहता यावी, वापरता यावी, बदलता यावी आणि बदललेली प्रत इतरांना देता यावी, या तत्त्वावर मुक्तस्रोताची उभारणी झालेली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ ‘फुकट’ नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. परवाना शुल्क नसते ही सोय आहे. मालकाच्या परवानगीशिवाय दुरुस्ती करता येते, हे खरे स्वातंत्र्य आहे.

दुकान-प्रणालींच्या क्षेत्रात ओएसकॉमर्स ही आरंभीची महत्त्वाची प्रणाली. ती २००० मध्ये जर्मनीत हाराल्ड पॉन्से दे लिऑन यांनी सुरू केली. तिच्याच आज्ञावलीतून २००३ मध्ये झेन कार्ट ही वेगळी शाखा निघाली. फ्रान्समध्ये २००७ मध्ये प्रेस्टाशॉप आणि अमेरिकेत २००८ मध्ये मॅजेन्टो या प्रणाली आल्या. ओपनकार्ट ही आणखी एक परिचित प्रणाली. वूकॉमर्स ही वर्डप्रेसला जोडून चालणारी प्रणाली सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची आज्ञावली जिगोशॉप नावाच्या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीवरून घेतलेली होती. परवान्याने तशी मुभा दिल्यामुळेच हे शक्य झाले. २०१५ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने वूकॉमर्स विकत घेतली, तरी तिचा परवाना मुक्तच राहिला.

मॅजेन्टोचा इतिहास याहून वेगळा धडा देतो. ही प्रणाली २०११ मध्ये ईबेकडे आणि २०१८ मध्ये अडोबीकडे गेली. तिच्या पहिल्या पिढीचा अधिकृत आधार ३० जून २०२० रोजी थांबला. ज्यांची दुकाने त्या पिढीवर चालत होती, त्यांना स्थलांतराचा खर्च सोसावा लागला किंवा सुरक्षेची जोखीम पत्करावी लागली. मुक्तस्रोत प्रणाली चिरंजीव नसते. मात्र ती बंद पडली तरी नोंदी आपल्याजवळ राहतात आणि त्या दुसरीकडे नेता येतात.

३. प्रणालीची निवड

प्रणाली निवडताना पुढील चार प्रश्न विचारात घ्यावेत.

अ) ती चालवण्यासाठी किती क्षमतेचा सर्व्हर लागतो? मॅजेन्टोसारखी प्रणाली सामर्थ्यवान असली तरी तिला तज्ज्ञ मनुष्यबळ व मोठी साधनसामग्री लागते. लहान दुकानासाठी ती जड ठरते.

ब) आपल्या परिसरात तिची माहिती असणारी माणसे आहेत काय? वर्डप्रेस हाताळणारे तरुण तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात. ही बाब तांत्रिक गुणांहून अधिक निर्णायक ठरू शकते.

क) ती मराठीत चालते काय? वर्डप्रेसचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. ग्राहकाला दिसणारा भाग मराठीत व व्यवस्थापनाचा भाग इंग्रजीत अशी रचनाही करता येते.

ड) नोंदी बाहेर काढता येतात काय? वूकॉमर्समध्ये मालाची यादी तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढण्याची व आत भरण्याची सोय मूळ प्रणालीतच आहे.

या चारही कसोट्यांवर लहान दुकानाच्या आरंभासाठी वूकॉमर्स सोयीची ठरते. म्हणून पुढील विवेचन तिच्या आधारे केले आहे. तत्त्वे मात्र अन्य प्रणालींनाही लागू पडतात.

४. पूर्वतयारी : सराव, नाव व जागा

प्रारंभ महाजालावर न करता प्रयोगशाळेतील संगणकावर करावा. झॅम्प या मुक्तस्रोत संचातून अपाची सर्व्हर, पीएचपी भाषा आणि मारियाडीबी ही विदागार-प्रणाली एकाच वेळी संगणकावर बसते. त्यानंतर रिकामे विदागार तयार करून वर्डप्रेस स्थापित करावे आणि ‘प्लगइन’ विभागातून वूकॉमर्स जोडावे. दुकानाचा पत्ता, भारतीय रुपया हे चलन, वजन व मापांची एकके अशी माहिती आरंभीच विचारली जाते. येथे भरलेल्या पत्त्यातील राज्य पुढे करआकारणीसाठी आधार ठरते, म्हणून ते अचूक भरावे. या टप्प्यावर एक रुपयाही खर्च होत नाही आणि चुकांचा कोणालाही उपसर्ग होत नाही.

सराव पूर्ण झाल्यावर दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचे नाव. देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्र ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. तथापि ग्राहकांना टंकण्यास सोपे जावे म्हणून रोमन लिपीतील नावही घेणे इष्ट. दुसरी म्हणजे होस्टिंग, अर्थात सर्व्हरवरील जागा. दोन्हींचे शुल्क दरवर्षी किंवा ठरावीक मुदतीने भरावे लागते. येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. डोमेनची नोंदणी दुकानदाराच्या स्वतःच्या नावाने व त्याच्याच ई-मेलवर झाली पाहिजे. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने ती स्वतःच्या नावावर केली, तर पुढे मतभेद झाल्यास दुकानाची पाटीच परक्याच्या हाती राहते. भाड्याच्या गाळ्याचा करार जितक्या काळजीने वाचला जातो, तितक्याच काळजीने ही नोंदणी पाहावी.

५. मालाची नोंद

वूकॉमर्समध्ये मालाचे प्रमुख प्रकार चार आहेत : साधा, विविधरूपी, समूहबद्ध आणि बाह्य. सुरुवातीला पहिले दोन पुरेसे होतात. एक किलो मिरचीचे पाकीट हा साधा माल होय. चप्पल हा विविधरूपी माल होय. समजा एका चपलेची सहा मापे व दोन रंग आहेत, तर तिची बारा रूपे होतात. प्रत्येक रूपाला स्वतंत्र किंमत व स्वतंत्र साठा देता येतो. साठा रूपनिहाय न भरल्यास आठ नंबरची तांबडी चप्पल संपलेली असतानाही तिची मागणी स्वीकारली जाते आणि ग्राहकाला नकार कळवण्याची वेळ येते.

गुळाच्या बाबतीत अडचण वेगळी असते. दुकानदार साठा मोजतो तो ढेपांत, ग्राहक मागतो तो किलोत. एक किलो, पाच किलो व दहा किलो अशी तीन रूपे केली, तर मूळ प्रणाली त्यांचा एकत्रित वजनाचा हिशेब ठेवत नाही. म्हणून दर आठवड्याला किती पुडे बांधले हे ठरवून त्यांची नगसंख्या भरणे हा व्यवहार्य मार्ग आहे. ग्राहकाने मागणी नोंदवली पण पैसे भरले नाहीत, तर तो माल किती काळ राखून ठेवावा याचीही सोय आहे. ही मुदत मूळ रचनेत साठ मिनिटांची असते व ती बदलता येते.

मालाचे वर्णन लिहिताना मराठी मजकुराचा प्रश्न उद्भवतो. अनेक दुकानदारांची जुनी पत्रके श्रीलिपीसारख्या प्रणालीतील युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेली असतात. तो मजकूर तसाच संकेतस्थळावर चिकटवला तर अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. तसेच मालाच्या पानाचा पत्ता प्रणाली मराठी नावावरून आपोआप तयार करते. दुसऱ्याला पाठवताना तो टक्केचिन्हांची लांबलचक मालिका होतो. म्हणून पत्ता रोमन अक्षरांत स्वहस्ते द्यावा व नाव मराठीत ठेवावे.

भौगोलिक मानांकनाबाबतही येथेच सावध राहावे. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकित नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीची तरतूद आहे. अशी नोंदणी नसताना मानांकनाचे बोधचिन्ह पानावर लावणे योग्य नव्हे. जो कारागीर ही नोंदणी करतो, त्याने तिचा उल्लेख वर्णनात ठळकपणे करावा. नकली मालापासून स्वतःचा माल वेगळा दाखवण्याचे ते त्याचे साधन आहे.

६. वाहतूक व कर : शेजारचे गाव, परके राज्य

दुकान उभारणीतील सर्वांत गुंतागुंतीचा आणि गडहिंग्लजसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

वाहतुकीचा दर ठरवण्यासाठी प्रणालीत ‘क्षेत्रे’ आखावी लागतात. त्यांचा पाया पिनकोड हाच असतो. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृतचे कवी होते. पिनकोडचा पहिला अंक विभाग, पहिले तीन अंक टपाल-वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटपाचे टपाल कार्यालय दर्शवतात. गडहिंग्लजचा पिनकोड ४१६५०२ आहे. अर्धशतकापूर्वी पत्रांच्या वर्गीकरणासाठी केलेली ही योजना आज ऑनलाईन दुकानाला आयतीच उपयोगी पडते. वूकॉमर्समध्ये एखादा पिनकोड, पिनकोडांची सलग मालिका किंवा ‘४१६ ने सुरू होणारे सर्व’ अशी नोंद करता येते.

ग्राहकाचा पत्ता वरून खाली तपासला जातो आणि ज्या क्षेत्रात तो प्रथम बसतो, तेवढेच क्षेत्र त्याला लागू होते. म्हणून लहान क्षेत्र वर आणि मोठे क्षेत्र खाली ठेवावे. ‘महाराष्ट्र’ हे क्षेत्र वर व ‘गडहिंग्लज’ खाली ठेवल्यास गावातल्याच ग्राहकाला मुंबईचा दर लागतो. प्रत्येक क्षेत्रासाठी ठरावीक दर, मोफत पोच किंवा दुकानातून स्वतः नेणे अशा पद्धती जोडता येतात. गुळासारख्या जड मालासाठी नगसंख्येनुसार वाढणारा दर आणि स्वतंत्र वाहतूक-वर्ग ठेवावा. अन्यथा दहा किलोच्या पेटीलाही एका पाकिटाचाच दर लागू होतो आणि विक्री वाढते तसा तोटाही वाढतो.

आता कराचा विचार करू. संकेश्वर हे गाव गडहिंग्लजपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. जिल्ह्याचे ठिकाण त्याहून कितीतरी दूर आहे. दोन्ही गावांतील माणसे बाजारासाठी, नातेसंबंधांसाठी नित्य ये-जा करतात. परंतु संकेश्वर कर्नाटकातील बेळगावी जिल्ह्यात असून त्याचा पिनकोड ५९१३१३ आहे. वाहतुकीच्या दृष्टीने ते घराशेजारचे गाव, तर कराच्या दृष्टीने परराज्य. संकेश्वरचा ग्राहक गडहिंग्लजच्या दुकानात येऊन माल घेऊन गेला, तर एरवी राज्याबाहेरच्या विक्रीचा प्रश्न उभा राहत नाही. त्याच ग्राहकाला तोच माल त्याच्या पत्त्यावर पाठवला, की ती आंतरराज्य विक्री ठरते.

याचे परिणाम गंभीर आहेत. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाख रुपये उलाढालीची मर्यादा आहे. करपात्र वस्तूंची आंतरराज्य विक्री करणाऱ्यास मात्र, काही अधिसूचित हस्तकला वस्तूंसारखे अपवाद वगळता, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी अनिवार्य आहे. कंपोझिशन योजनेत असलेल्या व्यापाऱ्याला तर वस्तूंची आंतरराज्य विक्री करताच येत नाही. आधीच बांधून लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागू झाला. म्हणजे एरवी करमुक्त वाटणारा मालही पुड्यात बांधला की करपात्र होऊ शकतो. सुट्या मालाचा व्यापार करणाऱ्याला ही बाब ऑनलाईन विक्रीपूर्वी कळणे आवश्यक आहे, नंतर कळून उपयोग नाही. आपल्या वस्तूचा दर व अपवाद करसल्लागाराकडून तपासून घ्यावा.

प्रणालीत ही व्यवस्था कशी करावी? ज्याची नोंदणी नाही किंवा जो कंपोझिशन योजनेत आहे, त्याने फक्त महाराष्ट्रातील क्षेत्रे आखावीत आणि ‘उर्वरित ठिकाणे’ या क्षेत्रात वाहतुकीची कोणतीही पद्धत ठेवू नये. पद्धतच नसल्याने परराज्यातील पत्त्यासाठी मागणी पूर्ण होत नाही. ज्याची नियमित नोंदणी आहे, त्याने संकेश्वरच्या पिनकोडचे स्वतंत्र क्षेत्र आखून जवळचा दर द्यावा. कर मात्र आंतरराज्यच आकारावा. वाहतुकीचे क्षेत्र व कराचा तक्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

कराच्या तक्त्यात ५ टक्के दर धरला, तर तीन ओळी लागतात. महाराष्ट्रासाठी केंद्रीय कर २.५ टक्के, प्राधान्यक्रम १. महाराष्ट्रासाठी राज्य कर २.५ टक्के, प्राधान्यक्रम २. उर्वरित भारतासाठी एकात्मिक कर ५ टक्के, प्राधान्यक्रम १. प्राधान्यक्रमाचा हा फरक नवख्याच्या नजरेतून निसटतो. एका प्राधान्यक्रमातील एकच दर प्रणाली लागू करते. पहिल्या दोन्ही ओळींना १ हाच क्रम दिला, तर महाराष्ट्रातील ग्राहकाच्या देयकात अडीच टक्केच कर दिसतो आणि उरलेला कर दुकानदाराला पदरचा भरावा लागतो. चूक पडद्यावर दिसत नाही. ती विवरणपत्र भरताना समोर येते. छापील किरकोळ किंमत सर्व करांसह असते, म्हणून किंमती ‘करासह’ भरण्याचा पर्याय निवडावा आणि कर ग्राहकाच्या पोच-पत्त्यावरून ठरावा अशी रचना ठेवावी.

७. पैसे स्वीकारणे

मूळ प्रणालीत माल पोचल्यावर रोख, थेट बँक भरणा व धनादेश या पद्धती असतात. यूपीआय व कार्डासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली काम करणाऱ्या पेमेंट ॲग्रीगेटरचे प्लगइन जोडावे लागते. यूपीआयची सुरुवात एप्रिल २०१६ मध्ये झाली. जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी-सवलत दर शून्य आहे. तथापि ॲग्रीगेटर आपल्या सेवेसाठी वेगळे शुल्क आकारू शकतो, म्हणून करार वाचून घ्यावा. ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक दुकानाने स्वतःकडे साठवू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून तशी मुभाही उरलेली नाही.

मागणीच्या अवस्था समजून घेणे हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘भरणा प्रलंबित’, ‘थांबवलेली’, ‘प्रक्रियेत’, ‘पूर्ण’, ‘रद्द’, ‘परतावा’ आणि ‘अयशस्वी’ अशा त्या अवस्था होत. पैसे प्रत्यक्ष बँकेत आल्याची खात्री झाल्याखेरीज माल रवाना करू नये, ही जुन्या पेढीवरील शिस्त येथेही तितकीच लागू आहे. भरण्याचा फोटो हा भरण्याचा पुरावा नव्हे.

८. कायदेशीर जबाबदाऱ्या

स्वतःच्या संकेतस्थळावरून स्वतःचा माल विकणारा दुकानदार ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० च्या कक्षेत येतो. त्यानुसार दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि ती मिळाल्यापासून एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेता येत नाही. माल परत घेणे व पैसे परत करणे यांविषयीच्या अटी स्पष्ट लिहाव्या लागतात. चपलेच्या दुकानात मापाची अदलाबदल हा रोजचा विषय असल्याने ही अट पहिल्या दिवशीच ठरवून टाकावी.

बांधीव मालासाठी वैधमापन नियम, २०११ नुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किरकोळ किंमत आदी तपशील पाकिटाप्रमाणे पडद्यावरही दाखवावे लागतात. खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे. ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक ही वैयक्तिक विदा असून तिच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम संमत झाला आहे. ग्राहकांची यादी हे दुकानाचे धन आहे, तसेच ती ग्राहकांची ठेवही आहे.

९. सुरक्षितता व देखभाल

मुक्तस्रोत दुकानाला दारवान पुरवला जात नाही. ती व्यवस्था दुकानदारालाच करावी लागते. वर्डप्रेस, वूकॉमर्स व प्लगइन यांच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसवाव्यात. आवश्यक नसलेली प्लगइन काढून टाकावीत. शुल्क चुकवून मिळवलेल्या ‘फुकट’ थीम व प्लगइनमध्ये घातक आज्ञावली दडवलेली असू शकते, त्यांचा वापर कटाक्षाने टाळावा. संकेतस्थळ व ग्राहक यांच्यातील देवाणघेवाण गुप्त राखणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेकडून विनामूल्य मिळते.

संपूर्ण दुकानाची प्रत नियमितपणे काढून ती सर्व्हरखेरीज अन्य ठिकाणी ठेवावी. वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून प्रयोगशाळेत दुकान पुन्हा उभे करून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे असते.

१०. महाविद्यालयाची भूमिका

वरील सर्व बाबी एकट्या दुकानदाराने शिकाव्यात ही अपेक्षा अवास्तव आहे. येथे महाविद्यालयाला वाव आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी स्थापना व देखभाल, वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी कराचे तक्ते व हिशेब, मराठीच्या विद्यार्थ्यांनी मालाची वर्णने व अटींचा मजकूर, आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी वाहतूक-क्षेत्रांची आखणी करावी. एकाच दुकानाभोवती चार विभाग एकत्र येऊ शकतात. प्रयोगशाळेतील दुकानात तीन पत्त्यांवर चाचणी-मागण्या नोंदवाव्यात : एक गडहिंग्लजचा, एक पुण्याचा व एक संकेश्वरचा. प्रत्येक मागणीतील वाहतूक व कर विद्यार्थ्यांनी आधी कागदावर काढावा आणि मग पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. जेथे दोन्ही जुळत नाहीत, तेथेच अध्यापनाला सुरुवात होते.

एखाद्या कारागिरासाठी खरे दुकान उभारले, तर हस्तांतराचा दिवस आधीच ठरवावा. डोमेन, होस्टिंग, व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द व ॲग्रीगेटरचे खाते ही चारही साधने त्या दिवशी कारागिराच्या हाती गेली पाहिजेत. शैक्षणिक वर्ष संपले आणि विद्यार्थी गेले म्हणून दुकान बंद पडले, असे होता कामा नये.

११. मर्यादा

स्वतःचे दुकान उभारले म्हणजे ग्राहक येतीलच असे नाही. मोठ्या ऑनलाईन बाजारपेठेत गर्दी आयती असते. स्वतःच्या संकेतस्थळाकडे ती वळवावी लागते. हा फरक आठवडी बाजारातील जागा आणि स्वतःच्या घराच्या ओटीवरील दुकान यांतल्या फरकासारखा आहे. बाजारात विक्री लवकर होते, पण ग्राहकाचे नाव-गाव कळत नाही. ओटीवर ग्राहक उशिरा येतो, पण आलेला ओळखीचा होतो. म्हणून ‘हे की ते’ असा विचार न करता दोन्ही मार्ग एकत्र चालवणे शहाणपणाचे ठरते. केंद्र शासनाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले ओएनडीसी हे खुले जाळेही, दुकान व ग्राहक एकाच कंपनीच्या दारात अडकू नयेत याच विचारातून आलेले आहे.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. साठा रोज अद्ययावत करणे, दूरध्वनीला उत्तर देणे, पेटी नीट बांधणे ही कामे कोणतीही प्रणाली करून देत नाही. ज्या घरात या कामांसाठी दिवसाचा तासभर देणारी व्यक्ती नाही, तेथे दुकान उभारण्याची घाई करू नये.

१२. समारोप

मुक्तस्रोत प्रणालीमुळे ऑनलाईन दुकान उभारण्यातील परवाना शुल्काचा अडसर दूर झाला आहे. आता अडसर आहे तो माहितीचा व शिस्तीचा. वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रणालीची निवड तिच्या सामर्थ्यापेक्षा परिसरातील मनुष्यबळावरून करावी. दुसरा, सीमावर्ती भागात वाहतूक व कर यांची स्वतंत्र आखणी करावी. एका चुकीच्या प्राधान्यक्रमाने किंवा पंधरा किलोमीटरवर पाठवलेल्या एका पेटीने लहान व्यापारी अडचणीत येऊ शकतो. तिसरा, डोमेन, नोंदी व ग्राहकांची यादी उत्पादकाच्याच हाती राहतील याची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी.

गडहिंग्लज परिसरातील मालाला नाव आहे, चव आहे, काहींना कायद्याचे मानांकनही आहे. त्या मालाच्या पेटीवर आणि संकेतस्थळावर उत्पादकाचे स्वतःचे नाव असावे, एवढी साधी गोष्ट साध्य करण्याची साधने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उपलब्ध आहेत. त्यासाठी आरंभाला एक संगणक, एक उत्पादक आणि एक सत्र एवढे पुरेसे आहे.